सातवीचं दीड मिनिटाचं वार्तापत्र: प्रकल्प नोंदी

१५ जून २०२३, गुरुवार

शाळेचा पहिला दिवस. सहावी-सातवीचा पट एकोणीस, हजर चौदा. उरलेले पाच मे महिन्यात मुंबईला गेले ते अजून तिकडेच. पाऊसही तसाच. ११ तारखेला मान्सून रत्नागिरीपर्यंत पोचला आणि तिथेच फतकल मारून बसला. सगळं बाष्प बिपरजॉय वादळाने आपल्याकडे ओढून घेतलंय, आणि ते आज संध्याकाळी गुजरातला जखाऊजवळ धडकणार असं हवामान खातं सांगतंय.

परिपाठात बातम्या वाचायची पाळी सातवीतल्या एका मुलाची. आमच्या राजापूर तालुक्यातल्या गावात पेपर दुपारच्या एसटीने येतो, म्हणजे सकाळी वाचायला असतो तो कालचा. त्याने खणखणीत आवाजात कालचं वादळ वाचलं. मागच्या रांगेतून लगेच, "बाई, ते कधीच वर गेलं! काकाने मुंबईहून व्हिडिओ पाठवलाय, गुजरातमधला, आत्ताचा."

मधल्या सुट्टीत तो व्हिडिओ बघितला. पत्रे उडतायत, माड वाकलेत, माणसं ओरडतायत. तीन वेळा बघितल्यावर डाव्या कोपऱ्यातल्या दुकानाची पाटी दिसली. पाटी मराठीत! रायगडकडचा असणार, बहुधा ३ जून २०२० च्या निसर्ग वादळातला. मुलांना म्हटलं, गुजरातमध्ये मराठी पाटीचं किराणा दुकान कुणी टाकलं? हसले. पण ज्याच्या काकाने पाठवला होता तो हसला नाही.

म्हणजे पेपर शिळा आणि फोनही शिळा. फरक इतकाच, की पेपरावर तारीख असते.

यंदाचा वर्गप्रकल्प इथूनच काढायचा असं डोक्यात आलं आहे. मुख्याध्यापक गुरुजींना बोलले. "करा, पण ग्रुपवर भांडणं नकोत," एवढंच म्हणाले.

१७ जून, शनिवार

पालकांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहेच. २०२० साली शाळा बंद झाल्या तेव्हा अभ्यास पाठवण्यासाठी केलेला. आता त्यावर काय येतं ते आज मागे सरकवत बघितलं: सुप्रभात, गुलाबाची फुलं, कुणाच्या तरी बारशाची पत्रिका, हरवलेली गाय, परत सुप्रभात. हरवलेली गाय मात्र त्याच दिवशी सापडली होती, हे नोंदवून ठेवते. ग्रुपचा तेवढा एक खरा उपयोग.

मुलांकडून घरोघरची माहिती घेतली. एकोणीस घरांपैकी सतरा घरांत मोठा फोन, दोन घरांत बटणाचा. सतरापैकी अकरा फोन दिवसभर वडिलांबरोबर बाहेर. रेंज सड्यावर, म्हणजे वरच्या कातळपठारावर, चांगली, देवळामागे बरी, खालच्या वाडीत नाहीच. तिथली माणसं संध्याकाळी पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, चढून देवळापर्यंत येतात, फोन वर धरतात, काय यायचं ते येऊ देतात आणि खाली जातात. त्यांना मोठा व्हिडिओ पाठवून उपयोग काय? गोल फिरत राहतो.

२० जून, मंगळवार

चाचणी. एकच बातमी तीन प्रकारे पाठवली. दोन मिनिटांचा व्हिडिओ २३ एमबी झाला. लिखित मजकूर चिमुकला. आणि दीड मिनिटाचा आवाज, व्हॉइस मेसेज, दोनशे केबीच्या आतबाहेर.

संध्याकाळी विचारपूस केली. व्हिडिओ खालच्या वाडीत कुणाकडेच उघडला नाही. मजकूर पोचला, पण "वाचतो सावकाशीने" असं उत्तर. आवाज मात्र आठ घरांत ऐकला गेला होता, आणि तोही फोनधारकाने एकट्याने नाही, पडवीत बसून सगळ्यांनी. एका आजीने दोनदा लावायला सांगितला, कारण बोलणारी तिची नात होती.

ठरलं. आवाज. आठवड्यातून तीनदा, सोम-बुध-शुक्र, दीड मिनिट. मी बोलायचं नाही, मुलांनी बोलायचं. मला आतापर्यंत वाटायचं की डिजिटल शाळा म्हणजे पडदा आणि व्हिडिओ. चार वर्षांपूर्वी लोकवर्गणीतून घेतलेला आमचा टीव्ही त्याच समजुतीने भिंतीवर लागला.

२६ जून, सोमवार

पहिलं वार्तापत्र गेलं. बातमीही झकास मिळाली: काल मान्सून मुंबईत आणि दिल्लीत एकाच दिवशी पोचला, आणि असं याआधी १९६१ साली झालं होतं. सहावीच्या मुलीने विचारलं, "बाई, दिल्ली लांब ना? मग एकाच दिवशी कसा?" अख्खा भूगोलाचा तास यावर गेला. अरबी समुद्राकडची शाखा, बंगालच्या उपसागराकडची शाखा, नकाशावर खडूने दोन बाण. पुस्तकात हे दोन बाण दर वर्षी असतात, दर वर्षी मी शिकवते. यंदा पहिल्यांदाच कुणी आपण होऊन विचारलं.

बातमी कुठून घ्यायची याचा नियम केला. हवामान म्हणजे हवामान खात्याच्या मुंबई केंद्राचं ट्विटर खातं. रोजचा अंदाज जिल्हावार येतो, रंगाच्या चौकोनात: हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल. पेपरात यातलं फक्त 'कोकणात पावसाची शक्यता' एवढं उरतं.

शब्दही पक्के केले. २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून मुसळधार, ११५.६ पासून अतिमुसळधार, २०४.४ च्या पुढे अत्यंत मुसळधार. मुलांना वाटायचं ही बातमीदाराची हौस आहे, जसा मूड तसा शब्द. प्रत्येक शब्दामागे आकडा आहे म्हटल्यावर लगेच मागणी: "मग आपला पाऊस आपण मोजू."

२८ जून, बुधवार

पर्जन्यमापक केला. कोल्ड्रिंकच्या दोन लिटरच्या बाटलीचा वरचा भाग कापून उलटा बसवला, बाहेरून पट्टी चिकटवली. घोळ असा, की बाटलीचा तळ सपाट नाही, खळगेदार. पहिले तीन-चार सेंटिमीटर मोजमाप चुकतंच. सातवीतल्या एका मुलीने उपाय काढला: तळाला वाळू आणि सिमेंट ओतून सपाट करा, शून्य तिथून धरा. तिचे वडील गवंडी आहेत. बाटली उडू नये म्हणून जांभ्याचे दोन चिरे लावले. रोज सकाळी साडेआठला वाचन, कारण हवामान खात्याचा दिवसही साडेआठलाच सुरू होतो.

११ जुलै, मंगळवार

सकाळी शाळेत आले तर हजर मुलं सहा. पाऊस होता, पण शाळा बुडण्याइतका नाही.

कारण ग्रुपवरच सापडलं. पहाटे सव्वासहाला कुणीतरी पत्र टाकलं: अतिवृष्टीमुळे जिल्ह्यातल्या सर्व शाळांना सुट्टी. शिक्का, सही, जावक क्रमांक, सगळं खरं. फक्त साल २०२२. पत्र खोटं नव्हतंच, गेल्या वर्षीचं होतं. टाकणाऱ्याने वर 'आजची सुट्टी' असं लिहिलं आणि खाली अकरा जणांनी अंगठे दाखवले. तारीख एकानेही वाचली नाही. खरं सांगायचं तर सव्वासहाला मीही ते पत्र बघितलं आणि क्षणभर आनंदच झाला.

जे सहा जण आले होते त्यांच्याकडून विशेष वार्तापत्र करून घेतलं. खाडा झालेल्या कुणाला दोष द्यायचा नाही असं ठरवलं. सातवीचा मुलगा बोलला ते जसंच्या तसं लिहून ठेवते: "सुट्टीचं पत्र आपल्या ग्रुपवर आलं ते मागच्या वर्षीचं आहे. उजवीकडे वर दिनांक बघा. शाळा चालू आहे. आज खिचडीत वाटाणा आहे." शेवटचं वाक्य माझं नाही. पण अकरा वाजेपर्यंत आणखी सात मुलं आली.

१४ जुलै, शुक्रवार

चांद्रयान-३ दुपारी २.३५ ला सुटलं. टीव्हीला फोनचं हॉटस्पॉट जोडून दाखवायचा प्रयत्न. फोन खिडकीच्या गजाला बांधला तेव्हा रेंज मिळाली. बाकी पुढच्या महिन्यात.

२० जुलै, गुरुवार

काल रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. सकाळपासून फोन वाहतोय. आज वार्तापत्राचा वार नाही, तरी मुलांना गप्प ठेवणं बरोबर नव्हतं. घरी सगळ्यांनी सगळं बघितलेलं होतं.

फोनवर आलेलं वर्गात काहीही लावलं नाही. फळ्यावर दोन रकाने केले: आपल्याला नक्की काय माहीत आहे, आणि आपण काय ऐकलंय. पहिल्या रकान्यात चार ओळी भरल्या. दुसऱ्यात वीसेक. मृतांचा आकडा प्रत्येक मुलगा वेगळा सांगत होता. तो आम्ही घेतलाच नाही. आकडा अजून बदलणार आहे, एवढंच लिहिलं.

मग वरच्या वाडीतला मुलगा म्हणाला, "बाई, आमच्या घरामागेपण डोंगर आहे."

त्यामुळे पुढचा तास वेगळाच झाला. दरड येण्याआधी जमीन काय काय दाखवते ते सांगितलं: उतारावर नव्या भेगा, झाडं किंवा खांब कलणं, नसलेल्या जागी पाणी फुटणं, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ होणं, दारं-खिडक्या अडकायला लागणं. उद्याचं वार्तापत्र फक्त याचंच. बोलणार तोच वरच्या वाडीतला मुलगा.

२२ जुलै, शनिवार

कालच्या वार्तापत्राला आतापर्यंतची सगळ्यात जास्त उत्तरं. आणि रात्री साडेनऊला वरच्या वाडीतून एका आजोबांचा फोन: "बाई, झऱ्याचं पाणी गढूळ झालंय, पोराने सांगितलं तसंच."

सरपंच, ग्रामसेवक, दोन तरुण, सगळे बॅटऱ्या घेऊन वर गेले. तासाभराने निरोप आला की वरच्या डबक्यात म्हशी बसल्या आहेत.

गावात आज दिवसभर यावर हशा. मला मात्र बरं वाटलं, कारण आजोबांनी पाणी बघितलं होतं.

४ ऑगस्ट, शुक्रवार

आजची नोंद लांबणार.

गेले काही दिवस पावसाने उघडीप दिलीय. तरवा, म्हणजे भाताची रोपं, लावून झाला, आता मळ्यात पाणी टिकेल का याची लोकांना चिंता. काल रात्री दहा वाजता मुंबईहून एका वडिलांचा घाबरून फोन: "बाई, ओढ्याला पाणी किती आहे? पोरांना घेऊन गुरुजी कुठे थांबलेत?" मी अंगणात उभी, आकाशात चांदणं.

त्यांना ग्रुपवर काय आलं ते मागवलं. आमचंच वार्तापत्र! २६ जुलैचं. सहावीच्या मुलीचा आवाज: "उद्या अतिमुसळधार पावसाचा इशारा आहे. ओढ्यापलीकडच्या मुलांनी निघण्याआधी शाळेत फोन करावा." तेव्हा ते अक्षरन् अक्षर बरोबर होतं. कुणीतरी मुंबईच्या मंडळाच्या ग्रुपवर टाकलं, तिथून भावकीच्या, तिथून आणखी कुठे, आणि आठ दिवसांनी 'उद्या' अजून उद्याच होता. वर दोन बाण लागलेले.

दोन बाण म्हणजे काय हे वर्गात आज सांगितलं. मूळ पाठवणाऱ्यापासून पाच किंवा जास्त हात बदलून आलेला मेसेज. एक बाण जवळचा, दोन बाण दूरचा. दोन बाणांचा मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पुढे पाठवता येतो, हा नियम एप्रिल २०२० पासून.

"बाई, हे बाण का लावले?"

यावर काय सांगायचं हा विचार मी सकाळी चालत येताना केलाच होता. १ जुलै २०१८. धुळे जिल्हा, साक्री तालुका, राईनपाडा. मुलं पळवणारी टोळी फिरतेय असे मेसेज तेव्हा गावोगाव फिरत होते. भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना आठवडी बाजाराच्या दिवशी जमावाने मारून टाकलं. ती माणसं मंगळवेढ्याकडची होती. त्याच महिन्यात भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आली. बारा वर्षांच्या मुलांना हे सांगावं का? मी सांगितलं. तपशील टाळले, पण पाच हा आकडा आणि माणसं कोण होती ते टाळलं नाही. आमच्याकडेही चैत्रात दारावर गोसावी येतात. मुलांना ते ठाऊक आहेत, एकाला तर त्यांची गाणी येतात.

नंतर बराच वेळ कुणी बोललं नाही. मग जिचा आवाज होता ती सहावीची मुलगी म्हणाली, "पण मी तर खरं सांगितलं होतं." तिच्या डोळ्यांत पाणी. तिला म्हटलं, तू खरंच सांगितलंस, चूक माझी. 'उद्या' हा शब्द तपासायला हवा होता तो मी.

नवे नियम वर्गातल्या तिघींनी मिळून केले, फळ्याच्या कोपऱ्यात कायमचे:
आज, उद्या, काल हे शब्द एकटे सोडायचे नाहीत, तारीख जोडायची.
सुरुवातीला तारीख, शेवटीही तारीख, कारण लोक मधूनच ऐकतात.
गावाचं आणि तालुक्याचं नाव.
चुकलं तर पुढच्या वार्तापत्रात पहिली ओळ दुरुस्तीची.

आजचं वार्तापत्र त्या दुरुस्तीनेच सुरू झालं.

२४ ऑगस्ट, गुरुवार

काल संध्याकाळी शाळेत जत्रा. मुलं, पालक, खालच्या वाडीतल्या बायका, दोन कुत्री. इस्रोचं यूट्यूबवरचं थेट प्रक्षेपण ५.२० ला सुरू. फोन पुन्हा खिडकीच्या गजाला, खाली पाठीवर पाठ लावून सगळे. उतरण्याच्या शेवटच्या टप्प्यात पडद्यावरचा हिरवा आलेख पुढे सरकत होता, आणि नेमका तेव्हा गोल फिरायला लागला. गोल फिरतोय, फिरतोय. आणि शेजारच्या घरातून टाळ्या! त्यांच्याकडे डिशवर दूरदर्शन. आमच्या पडद्यावर यान अजून वरच होतं आणि शेजारी ते उतरलं होतं.

मुलांचा निम्मा धीर सुटून शेजारच्या पडवीत पळाला, निम्मी मुलं हट्टाने पडद्यासमोर बसली. पाऊण मिनिटाने आमचंही उतरलं. ६ वाजून ४ मिनिटं ही इस्रोची वेळ, आमची त्यानंतरची. नंतर वाचलं की त्या क्षणी ते प्रक्षेपण ८० लाखांहून जास्त ठिकाणी एकाच वेळी बघितलं जात होतं. मुलं म्हणाली, म्हणून तर आपलं अडकलं! तसं नसतं, अडकलं ते आपल्या खिडकीत. पण 'थेट' म्हणजे किती थेट, यावर आजचा विज्ञानाचा तास गेला. सिग्नल चंद्रावरून यायलाच सव्वा सेकंद लागतो, मग आपल्या खिडकीपर्यंत यायला पाऊण मिनिट का?

२५ ऑगस्ट, शुक्रवार

आज चार मुलांकडे एकच चित्र. चंद्राच्या मातीवर रोव्हरच्या चाकाने उमटवलेली राजमुद्रा आणि इस्रोचं चिन्ह, सुबक, रेखीव. सगळ्यांना ते वार्तापत्रात हवं होतं. गुरुजीही म्हणाले, छान आहे हो.

चाकांवर ती चिन्हं कोरली होती हे खरं. त्यामुळे चित्र खोटं म्हणणं अवघड वाटत होतं. मी काही बोलले नाही, त्यांनाच तपासायला दिलं. पहिला प्रश्न: इस्रोच्या खात्यावर हे आहे का? नाही. दुसरा प्रश्न मुलांनी स्वतः काढला, आणि तो मला सुचलाच नसता. सातवीतला मुलगा मैदानात गेला, सायकल ओल्या मातीतून चालवली, मग कोरड्या धुळीतून. ओल्या मातीत टायरची नक्षी उठली, कोरडीत पसरून गेली. "बाई, चंद्रावर पाणी आहे का मातीत? मग इतकं कोरीव कसं उठेल?"

त्याचं शास्त्र शंभर टक्के पक्कं नाही. चंद्राची धूळ टोकदार कणांची, तिच्यात अंतराळवीरांच्या बुटांचे ठसे व्यवस्थित उठलेले आहेत. हेही त्याला सांगितलं, थोडा हिरमुसला. पण निष्कर्ष बरोबर निघाला: ते चित्र एका कलाकाराने संगणकावर केलेलं होतं, तथ्य तपासणाऱ्यांनी तसं जाहीर केलं. वार्तापत्रात वाक्य गेलं, "चित्र सुंदर आहे, फोटो नाही."

२९ ऑगस्ट, मंगळवार

इस्रोने काल फोटो टाकलेत, खरे. रोव्हरपुढे तीन मीटरवर चार मीटर व्यासाचं विवर आलं, म्हणून त्याला मागे फिरवलं, आणि मागे उमटलेला चाकांचा माग फोटोत दिसतोय. राजमुद्रा बिद्रा काही नाही, साधे दोन पट्टे.

मैदानात दोन मीटरची दोरी खुंटीला बांधून चार मीटरचं वर्तुळ काढलं. तीन मीटर अलीकडे एक मुलगा 'रोव्हर' म्हणून उभा, डोळ्यांना पट्टी. बाकीचे पृथ्वी. सूचना द्यायची, पण टाळी वाजेपर्यंत त्याने हलायचं नाही, कारण निरोप पोचायला वेळ लागतो. तीनदा विवरात पडला. चौथ्यांदा वळला. परीघ, व्यास, त्रिज्या हे याच वर्तुळावर उरकलं, पुस्तक उघडलंच नाही.

(ऑगस्टचा आमच्या बाटलीतला पाऊस अगदीच कमी. पालक भाताच्या काळजीत. देशभरात १९०१ पासूनचा हा सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला, असं सप्टेंबरात कळलं, म्हणून ही ओळ नंतर घातली.)

८ सप्टेंबर, शुक्रवार

शिक्षण परिषदेत प्रकल्प मांडायला सांगितलं. दहा मिनिटं मिळाली. आवाज लावून दाखवला. समोरून पहिली सूचना: "याचे व्हिडिओ करा, चॅनेल काढा, सबस्क्राइबर वाढतील." दुसरी: "परितेवाडीच्या डिसले गुरुजींसारखं काहीतरी करा."

डिसले गुरुजींनी सोलापूर जिल्ह्यातल्या त्या शाळेत पुस्तकांना क्यूआर कोड जोडले, २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, आणि बक्षिसाची अर्धी रक्कम इतर नऊ अंतिम स्पर्धकांना वाटली. आज पाठ्यपुस्तकातला चौकोन स्कॅन केला की दीक्षा ॲपवर धडा उघडतो. मी तो वापरते, सड्यावर जाऊन डाउनलोड करून आणते. पण तो रस्ता पुस्तकातून फोनकडे जातो. आम्हाला हवा होता तो मुलांकडून पडवीत येणारा. हे मी तिथे बोलले नाही, चहाच्या वेळी सुचलं. असंच होतं माझं.

१५ सप्टेंबर, शुक्रवार

१९ ला गणपती. चाकरमानी निघालेत. वार्तापत्राचा श्रोता आता गाव नाही, मुंबई-ठाणे-विरार. मंडळाच्या ग्रुपवरून आपण होऊन मागणी आली: रस्त्याचं सांगा. बारा वर्षं रखडलेल्या मुंबई-गोवा महामार्गाबद्दल काय सांगणार? पण कशेडी बोगद्याची एक मार्गिका हलक्या वाहनांना खुली झालीय, ही बातमी खरी करून दिली.

खरी कशी केली ते महत्त्वाचं. एका मुलाचे वडील खाजगी बसवर ड्रायव्हर. परवा ते वरच्या बाजूने आले. मुलाने त्यांची मुलाखत घेतली, दीड मिनिटात: किती वाजता निघालात, घाट कुठे लागला, कुठे खोळंबा, चहा कुठे बरा. शेवटच्या प्रश्नाला ग्रुपवर सगळ्यात जास्त दाद. त्या ड्रायव्हरदादांनी वार्तापत्राआधी मुलाला सांगितलं, "माझं नाव नको घालू, मालक रागावेल. तारीख घाल."

एक आजोबा म्हणाले, पूर्वी राजापूरला गंगा, म्हणजे मधूनच आपोआप वाहू लागणारा झरा, आली की एसटीचा कंडक्टर गावोगाव बातमी टाकत जायचा. तो 'आली' म्हणाला की आली. कंडक्टर ओळखीचा असायचा, हा मुद्दा.

२० ऑक्टोबर, शुक्रवार

सड्यावरच्या कातळशिल्पांवर वार्तापत्र करायचं ठरलं. तालुक्यातली बारसू, देवाचे गोठणे, देवीहसोळ इथली शिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत, कशेळीचा हत्तीही त्यात. आमच्या गावच्या सड्यावर एक रेघ आहे, मुलं तिला मासा म्हणतात. मासाच आहे असं मी म्हणत नाही.

वाद झाला तो जागा सांगावी का यावर. मुलांना नकाशाचा दुवा टाकायचा होता. मी नको म्हटलं. फोटोसाठी माणसं चिऱ्यावर खडू घासतात, गाड्या वर घालतात. शेवटी मतदान. नकाशा नको अकरा, हवा आठ. वार्तापत्रात गेलं: "ज्यांना बघायचंय त्यांनी शाळेत यावं, आम्ही घेऊन जाऊ." (नंतर घातलेली ओळ:) पुढच्या दोन आठवड्यांत सात माणसं आली. त्यातली एक जोडी थेट डोंबिवलीची, दोघं मूळची आमच्याच खालच्या वाडीची, आणि सड्यावर पंचवीस वर्षांनी चढलेली.

१ डिसेंबर, शुक्रवार

दिवाळीनंतर जरा ढिलाई. तीनऐवजी दोनच वार्तापत्रं. मुलं कंटाळलीत का? थोडी. दोन मुलं फक्त स्वतःचा आवाज ऐकायला येतात, तेही चालेल.

एक गोष्ट मात्र आपोआप झाली. ग्रुपवर आता कुणी काही टाकलं की खाली दुसरा कुणीतरी एकच शब्द लिहितो: "दिनांक?" मुलांनी शिकवलेलं नाही, पालकांनी उचललंय. कधीकधी चेष्टेत. काल कुणी मुलाच्या वाढदिवसाचा केक टाकला, खाली लगेच "दिनांक?"

६ जानेवारी २०२४, शनिवार

सकाळची शाळा. आज पत्रकार दिन. १८३२ साली याच तारखेला बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' सुरू केलं, अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी. त्यांचं गाव पोंभुर्ले, देवगड तालुक्यात, म्हणजे आमच्या शेजारच्या तालुक्यात. वीस वर्षांच्या आसपासचा तरुण, कोकणातला, मुंबईत जाऊन पत्र काढतो. मुलांना हे आवडलं, कारण प्रत्येकाच्या घरातला कुणीतरी मुंबईलाच आहे.

वार्तापत्र अकरा वाजता गेलं. बोलायला सहावीची तीच मुलगी, ऑगस्टमधली. सुरुवात: "आज ६ जानेवारी २०२४, शनिवार. तालुका राजापूर." मग जांभेकर, मग बाटलीतला शेवटचा पाऊस कधी पडला ते, मग मंगळवारच्या पालक सभेची वेळ. शेवट: "हे ६ जानेवारीचं वार्तापत्र आहे. ९ तारखेनंतर पुढे पाठवू नका."

ही शेवटची ओळ नवी. मी सांगितलेली नाही.

दुपारी चारच्या सुमारास सूर्याचा अभ्यास करणारं इस्रोचं यान आदित्य-एल१ आपल्या जागी पोचल्याची बातमी आली, पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर. मी घरी होते, चुलीवर पेज. फोन वाजला. तीच. देवळामागे उभी, वाऱ्याचा आवाज.

"बाई, सकाळचं तर गेलं. आता दुरुस्ती करायची का?"

म्हटलं, सकाळचं चुकलेलं नाही गो. ही पुरवणी.

"मग वेळपण सांगते," म्हणाली आणि फोन ठेवला. सव्वाचारला ग्रुपवर आवाज आला, बावीस सेकंदांचा.